घाई चेंडूला हवी, गोलंदाजाला नको

23 मार्च 2003. जोहान्सबर्गच्या वाँडरर्स मैदानावर विश्वचषकाचा अंतिम सामना. सौरव गांगुलीनं नाणेफेक जिंकून क्षेत्ररक्षण घेतलं आणि नवा चेंडू 24 वर्षांच्या झहीर खानच्या हाती दिला. पहिल्याच षटकात 15 धावा गेल्या. अंगात वेग होता, डोळ्यांत आग होती, पण चेंडू कुठे पडतोय यावर ताबा नव्हता.

2 एप्रिल 2011. मुंबईचं वानखेडे. पुन्हा विश्वचषकाचा अंतिम सामना, पुन्हा नवा चेंडू झहीरच्याच हाती. पहिली पाच षटकं: त्यातली तीन निर्धाव, 6 धावा, उपुल थरंगाचा बळी. त्या स्पर्धेत त्यानं 21 बळी घेतले, शाहिद अफ्रिदीच्या बरोबरीनं सर्वाधिक.

जिल्ह्याच्या गावात मी मुलामुलींना वेगवान गोलंदाजी शिकवतो. नवीन मूल आलं की त्याला आणि त्याच्या आईवडिलांना मी या दोन सामन्यांबद्दल सांगतो. 2003 मध्ये झहीर अधिक वेगवान होता, 2011 मध्ये अधिक चांगला होता. मधल्या आठ वर्षांत तो जायबंदी झाला, संघाबाहेर गेला, परत आला, रनअप बदलला, नवं शिकला. वेगवान गोलंदाजाची कारकीर्द ही अशी लांब गोष्ट असते. ती लांबावी म्हणून चौदा ते बावीस या वयात काय करावं आणि काय टाळावं, हे या लेखात सांगतो. वेग उपजत असतो, पण तो टिकवायचं शहाणपण शिकावं लागतं आणि ते कुणालाही शिकता येतं.

उशीर झाला असं समजू नका

पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "सर, हा चौदा वर्षांचा झाला, उशीर नाही ना झाला?" फलंदाजाच्या बाबतीत या प्रश्नाला थोडा अर्थ आहे. वेगवान गोलंदाजाच्या बाबतीत मी ठामपणे सांगतो, घाई केलीत तर नुकसान आहे, उशिरा सुरुवात केलीत तर फारसं नाही.

उमेश यादव नागपूरजवळच्या वलनीचा, वडील कोळसा खाणीत कामाला. विशीपर्यंत तो प्रामुख्यानं टेनिस बॉलवर खेळला. पोलिसात भरती व्हायचा प्रयत्न करून झाला. 2008 मध्ये विदर्भाकडून रणजी खेळला आणि 2011 मध्ये कसोटी खेळणारा विदर्भाचा पहिला खेळाडू ठरला. कसोटीत त्याच्या नावावर 170 बळी आहेत. झहीर श्रीरामपूरचा. इंजिनिअरिंगची वाट सोडून तो मुंबईला आला, सुधीर नाईक यांच्या नॅशनल क्रिकेट क्लबमध्ये खेळला, चेन्नईच्या एमआरएफ पेस फाउंडेशनमध्ये घडला आणि रणजी पदार्पण त्यानं बडोद्याकडून केलं. दोघांचीही हाडं पक्व होण्याआधी हजारो चेंडूंनी झिजलेली नव्हती. उशिरा सुरुवात झाल्याचा हा फायदाच म्हणायला हवा.

उंचीचीही काळजी नको. मुंबईचे रमाकांत देसाई चणीनं इतके लहान की त्यांना 'टायनी' म्हणत. तरी ते भारताकडून 28 कसोटी खेळले आणि 74 बळी घेऊन गेले. माल्कम मार्शल सहा फुटांच्या आतला होता, त्याचे 376 बळी आहेत.

पाठीचं हाड आधी समजून घ्या

आमच्या सराव मैदानावर काथ्याची मॅट आहे. तिच्यावर क्रीजजवळ एके ठिकाणी काथ्या घासून भोक पडतं. उजव्या हाताच्या गोलंदाजाचा डावा पाय जिथे आपटतो, ती ही जागा. काथ्याची ही गत होते, मग हाडाचं काय होत असेल?

चेंडू सोडताना पुढच्या पायावर शरीराच्या वजनाच्या पाचपटीहून अधिक भार एका क्षणात येतो. तो पायातून गुडघ्यात, गुडघ्यातून खुब्यात आणि तिथून कमरेच्या मणक्यांत चढतो. त्याच क्षणी कंबर मागे वाकलेली, एका बाजूला झुकलेली आणि वळत असते. मणक्याच्या मागच्या बाजूला हाडाचा एक अरुंद दुवा असतो. भार पुन्हापुन्हा येत राहिला की त्या दुव्यात आधी सूज येते आणि मग बारीक तडा जातो. यालाच स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात. उजव्या हाताच्या गोलंदाजाला तो बहुधा डाव्या बाजूला होतो, डावखुऱ्याला उजव्या.

हे हाड विशीच्या पुढेपर्यंत पक्कं होत राहतं. मूल उंच झालं, मिसरूड फुटलं, वेग वाढला, म्हणजे पाठ तयार झाली असं होत नाही. उलट अचानक उंची वाढते तो काळ सर्वांत जोखमीचा. स्नायूंची ताकद उंचीच्या मागे पडलेली असते आणि मुलाला मात्र नुकताच सापडलेला वेग दाखवायचा असतो.

पुढची लक्षणं दिसली तर गोलंदाजी त्याच दिवशी थांबवा:

- कमरेच्या एकाच बाजूला, बोट ठेवून दाखवता येईल असं दुखणं.
- एका पायावर उभं राहून मागे वाकलं की वाढणारी कळ.
- गरम झाल्यावर बरं वाटणं, पण रात्री किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा दुखणं.
- वेग अकारण कमी होणं, किंवा चेंडू सोडताना अंग चोरणं.

खेळाडूंच्या दुखापती पाहणाऱ्या डॉक्टरांकडे जा. साधा एक्स-रे स्वच्छ आला म्हणून निर्धास्त होऊ नका, सुरुवातीची इजा त्यात बहुधा दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसते. इजा लवकर सापडली तर काही आठवड्यांवर भागू शकतं, तडा पूर्ण गेला तर महिने जातात. वेदनाशामक गोळी घेऊन सामना खेळवणं हा गुन्हा समजा. दुखणं ही शरीराची हाक आहे, ती दाबली की आतली इजा वाढते.

वही ठेवा, चेंडू मोजा

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे नववीतला एक मुलगा होता. लांब हात, सुरेख मनगट, वेग असा की मोठी मुलं नेटमध्ये त्याच्यासमोर उभी राहायला धडपडायची. "अजून दोन टाक रे" असं प्रत्येक जण म्हणायचा आणि तो आनंदानं टाकायचा. मीही त्याला थांबवलं नाही, ही माझी चूक. निवड चाचणी जवळ आली म्हणून दोन महिने त्यानं पाठदुखी लपवली. शेवटी एमआरआय केला तेव्हा तडा दिसला. आठ महिने त्याच्या हाताला चेंडू लागला नाही.

त्यानंतर मी हिशेब मांडला. नेटमध्ये रोज सरासरी 90 चेंडू, आठवड्यातले सहा दिवस. म्हणजे 540 चेंडू, म्हणजे 90 षटकं. कसोटीत अख्खा संघ एका दिवसात जेवढी षटकं टाकतो, तेवढी हा मुलगा एकटा आठवड्याला टाकत होता, आणि त्याची कुठे नोंदही नव्हती. सामन्यात आपण षटकं मोजतो, नेटमध्ये कुणी मोजत नाही. पाठी बहुतेक नेटमध्येच मोडतात.

म्हणून शंभर पानी वही घ्या. रोज पाच गोष्टी लिहा: तारीख, पूर्ण जोर लावून टाकलेले चेंडू, अर्ध्या जोरानं टाकलेले चेंडू, झोपेचे तास आणि अंगाचं दुखणं शून्य ते दहा या मापात. शाळा, क्लब, अकादमी आणि गल्लीतली टेनिस बॉलची स्पर्धा, सगळ्यांचे चेंडू एकाच वहीत यायला हवेत. पाठीला संघ कळत नाहीत.

मर्यादा किती ठेवावी? इंग्लंडच्या क्रिकेट मंडळानं मुलांच्या वेगवान गोलंदाजीसाठी नियम घालून दिले आणि त्यांचा आधार घ्यायला हरकत नाही. तेरा वर्षांपर्यंत एका स्पेलमध्ये 5 आणि दिवसाला 10 षटकं. चौदा-पंधराव्या वर्षी 6 आणि 12. सोळाव्या वर्षानंतर 7 आणि 18. स्पेल संपला की त्याच टोकाकडून तेवढीच षटकं पडून गेल्याशिवाय पुन्हा चेंडू हातात द्यायचा नाही. नेटसाठी माझा नियम असा: शाळकरी मुलानं एका दिवशी 36 चेंडूंवर थांबायचं, आठवड्यात चारपेक्षा जास्त दिवस गोलंदाजी नाही, सलग तीन दिवस तर कधीच नाही. वर्षातून निदान दोन महिने चेंडू पूर्ण बंद. त्या काळात पोहा, फुटबॉल खेळा, ताकद कमवा.

दुसरी बाजूही सांगायला हवी. फार कमी टाकणंही धोक्याचं आहे. परीक्षेसाठी दीड महिना बसून राहिलेला मुलगा पेपर संपल्यावर थेट तीन दिवसांचा सामना खेळला, तर इजा जवळजवळ बोलावून आणतो. गेल्या चार आठवड्यांची सरासरी काढा. या आठवड्याचा आकडा तिच्या दीडपट होऊ लागला की थांबा. भार पायरीपायरीनं वाढवायचा आणि पायरीपायरीनंच उतरवायचा.

मोठ्यांनाही हे चुकलेलं नाही. 2024-25 च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात जसप्रीत बुमराहनं 151.2 षटकं टाकून 32 बळी घेतले आणि सिडनीच्या शेवटच्या डावात पाठीमुळे त्याला चेंडूच टाकता आला नाही. पुढच्या इंग्लंड दौऱ्यात पाचपैकी तीनच कसोटी खेळायचं आधी ठरलं आणि ते पाळलं गेलं. त्याच मालिकेत महंमद सिराज पाचही कसोटी खेळला आणि 23 बळी घेतले. एकाला झेपतं ते दुसऱ्याला झेपेलच असं नाही. तुम्हाला काय झेपतं, ते तुमची वहीच सांगेल.

ॲक्शन किती बदलायची?

छाती फलंदाजाकडे ठेवून टाका किंवा खांदा फलंदाजाकडे ठेवून टाका, दोन्ही चालतं. चालत नाही ती सरमिसळ: कंबर समोर आणि खांदे मात्र आडवे. मागचा पाय टेकल्यावर खांदे कमरेच्या उलट दिशेनं पिळले जातात आणि तो पीळ थेट मणक्यावर येतो. मोबाइलवर मंद गतीत समोरून, बाजूनं आणि मागून चित्रण करा. मागचा पाय टेकतो त्या क्षणी चित्र थांबवा. कंबर आणि खांदे एकाच दिशेला दिसले पाहिजेत. हाताचा कोपरही तपासा. चेंडू सोडताना तो 15 अंशांपेक्षा जास्त सरळ होत असेल तर ती ॲक्शन अवैध ठरते आणि हा दोष लहान वयातच सुधारता येतो.

एवढं ठीक असेल तर बाकीची ढब बदलायच्या मागे लागू नका. बुमराहचा आखूड रनअप आणि ताठ हात कुठल्याही पुस्तकात बसत नाही. ज्यानं इजा होत असेल किंवा जे नियमात बसत नसेल, तेवढंच सुधारावं. जेम्स अँडरसनची ॲक्शन तो तरुण असताना दुखापत टाळावी म्हणून बदलायला लावली, पण 2006 मध्ये त्याच्या पाठीला स्ट्रेस फ्रॅक्चर झालंच. तो जुन्या, स्वतःच्या ॲक्शनकडे परतला आणि 2024 मध्ये लॉर्ड्सवर कसोटीतून निवृत्त झाला तेव्हा वय 41 होतं, कसोटी 188 होत्या आणि बळी 704.

रनअप टेपनं मोजा. पावलांनी मोजलेला रनअप थकल्यावर बदलतो. क्रीजवर चुन्याची भुकटी पसरा आणि सहा चेंडू टाका. पुढच्या पायाचे सहाही ठसे एका वितीत पडले तर रनअप बसला. ठसे इकडेतिकडे विखुरले तर दमला आहात, सराव तिथेच संपवा. आणि नेटमध्ये नोबॉल टाकायची सवय अजिबात लावून घेऊ नका. 2017 च्या चॅम्पियन्स करंडकाच्या अंतिम सामन्यात बुमराहच्या चेंडूवर फखर झमान 3 धावांवर झेलबाद झाला, पण तो नोबॉल निघाला. फखरनं 114 केल्या आणि पाकिस्ताननं सामना 180 धावांनी जिंकला. इंचभर पाऊल केवढ्याला पडतं, ते यावरून कळावं.

ताकद, जेवण, झोप

चौदाव्या वर्षी वजनं उचलायची गरज नाही. स्वतःच्या शरीराच्या वजनावर बैठका, पायऱ्या चढणं, एका पायावरच्या बैठका, दंड, फळीसारखं ताठ राहण्याचा प्लँक आणि दोरीच्या उड्या पुरेशा आहेत. सोळा-सतरानंतर जाणत्या प्रशिक्षकाच्या नजरेखाली वजनं सुरू करा. मांड्या, नितंब, पोट आणि पाठ हे चार भाग गोलंदाजाचे खरे खांब आहेत. दंड फुगवून वेग वाढत नाही. नुसतं लांब अंतर धावत राहण्यापेक्षा वीस-तीस मीटरच्या तेज धावा जास्त उपयोगी पडतात, कारण रनअपही तेवढाच असतो.

खाण्यासाठी डबेबंद पावडरींच्या मागे धावू नका. भाकरी, डाळ, उसळ, दूध-दही, शेंगदाणे, गूळ, घरात चालत असेल तर अंडी आणि मासे-मटण. नाचणीत कॅल्शियम भरपूर असतं, सकाळची आंबील किंवा संध्याकाळची भाकरी हाडांना हवं तेच देते. ड जीवनसत्त्वाची तपासणी डॉक्टरांच्या सल्ल्यानं करून घ्या. विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात सराव सकाळी लवकर उरका, सोबत लिंबू-मीठ-साखरेचं पाणी ठेवा.

वाढत्या वयाच्या गोलंदाजाला आठ ते नऊ तास झोप हवी. हाड रात्री भरून येतं. पहाटे पाचचा सराव आणि रात्री बारापर्यंत मोबाइल या दोन गोष्टी एका शरीरात नांदत नाहीत.

आणि एक कळकळीची सूचना: जिममधल्या कुणी दिलेली गोळी, इंजेक्शन किंवा पावडर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय घेऊ नका. मान्यताप्राप्त स्पर्धांत उत्तेजक चाचणी होऊ शकते. "मला माहीत नव्हतं" असं म्हणून सुटका होत नाही, अंगात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूवरच असते.

वेगाच्या जोडीला कसब

36 चेंडूंची मर्यादा घातली की मुलं नाराज होतात. मी त्यांना म्हणतो, आता प्रत्येक चेंडू महागाचा झाला, विचार करून टाका. चांगला टप्पा साधारण यष्टींपासून सहा ते आठ मीटरवर असतो, वयानं लहान असाल तर थोडा जवळ. तिथे वहीच्या आकाराचा एक पुठ्ठा ठेवा. बारा चेंडूंपैकी किती त्यावर किंवा त्याच्या वीतभर जवळ पडले ते लिहा. चारांचे सहा आणि सहांचे आठ व्हायला वर्ष लागेल. लागू दे.

मग सीम. बोटं शिवणीच्या दोन्ही बाजूंना, अंगठा खाली, मनगट चेंडूच्या मागे. चेंडूचा अर्धा भाग रंगवून टाका, म्हणजे शिवण सरळ जातेय की डुगडुगतेय ते लांबूनही दिसतं. एक स्विंग पक्का झाल्याशिवाय दुसऱ्याकडे वळू नका. मुंबईत असाल तर 1948 पासून चालत आलेली पावसाळ्यातली कांगा लीग ही मोठी शाळा आहे. ओल्या खेळपट्टीवर चेंडू हलतो, पण तो हलवून यष्टींवर ठेवणं तिथेच शिकायला मिळतं.

पुढे गेलात की चेंडूही बदलतात. आपल्याकडच्या एसजीची शिवण उठून दिसते आणि टिकते. ऑस्ट्रेलियातला कूकाबुरा लवकर मऊ पडतो, मग टप्पा आणि उसळीवर जगावं लागतं. इंग्लंडचा ड्यूक्स बराच वेळ स्विंग होतो. 2006 मध्ये संघाबाहेर असताना झहीर वूस्टरशायरकडून कौंटी खेळायला गेला. तिथे त्यानं 78 बळी घेतले, रनअप आखूड केला, दोन्ही बाजूंना चेंडू वळवायला शिकला. पुढच्याच वर्षी ट्रेंट ब्रिजवर त्यानं सामन्यात 9 बळी घेतले आणि भारतानं इंग्लंडमधली ती मालिका जिंकली. 2011 च्या विश्वचषकाच्या उपांत्यपूर्व सामन्यात माइक हसीचा त्रिफळा उडवला तो बोटांच्या पेरांवर धरून टाकलेल्या हळू चेंडूनं. असा चेंडू त्याच्याकडे 2003 मध्ये नव्हता. संघाबाहेरच्या काळात तो घरी बसून राहिला नाही, परक्या मैदानावर जाऊन शिकला. वगळलं गेल्यावर काय करावं याचं उत्तर मला याहून चांगलं माहीत नाही.

जिल्ह्यापासून देशापर्यंत

महाराष्ट्रात मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ अशा तीन स्वतंत्र क्रिकेट संघटना आहेत. तुमचा जिल्हा कुणाकडे येतो ते पाहून जिल्हा संघटनेत किंवा संलग्न क्लबमध्ये नाव नोंदवा. निवड चाचण्यांच्या तारखा संघटनेकडूनच कळतात, दलालाकडून नव्हे. "पैसे द्या, संघात घालतो" म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

वाट साधारण अशी आहे: शालेय आणि जिल्हा सामने, मग सोळा वर्षांखालील विजय मर्चंट करंडक, एकोणीस वर्षांखालील विनू मांकड आणि कूचबिहार करंडक, तेवीस वर्षांखालील सी. के. नायडू करंडक, आणि मग विजय हजारे, सय्यद मुश्ताक अली, रणजी. 2023 पासूनच्या महाराष्ट्र प्रीमियर लीगमुळे जिल्ह्यातल्या मुलांना टीव्हीवर दिसायची संधीही मिळू लागली आहे. तरीही निवड समितीला दिवसभरातल्या तिसऱ्या स्पेलमध्येही धावत येणारा गोलंदाज हवा असतो. चारच षटकं टाकायला मिळणाऱ्या सामन्यांवर पाया घालू नका.

वयाच्या दाखल्यात फेरफार करू नका. लहान गटांत हाडांची चाचणी होते, आणि पकडलं गेल्यास बंदी येते. त्याहून वाईट म्हणजे दोन वर्षांनी लहान मुलांना बाद करून मिळालेले आकडे मुलाला खोटा भरवसा देतात.

मुलींच्या पालकांनो, ही वाट तुमच्या लेकींचीही आहे. चकदहाच्या झूलन गोस्वामीनं पहाटेची लोकल पकडून कोलकात्याला जात सराव केला आणि 2022 मध्ये लॉर्ड्सवर निवृत्त झाली ती एकदिवसीय सामन्यांत 255 बळी घेऊन. मुलींचा चेंडू थोडा हलका असतो, पण पाठीचे आणि वहीचे नियम तेच. पाळी अनियमित झाली तर ते अपुऱ्या खाण्याचं आणि कमजोर पडणाऱ्या हाडांचं लक्षण असू शकतं. ते लपवू नका, डॉक्टरांना सांगा.

दुखापत झाली तर

नोव्हेंबर 2011 मध्ये त्याच वाँडरर्सवर 18 वर्षांच्या पॅट कमिन्सनं पदार्पणाच्या कसोटीत दुसऱ्या डावात 79 धावांत 6 बळी घेतले. त्याची दुसरी कसोटी कधी आली? मार्च 2017 मध्ये, रांचीला. मधली पाचहून जास्त वर्षं पाठीच्या तड्यांत आणि पुन्हा उभं राहण्यात गेली. पण संयम ठेवला म्हणूनच 2023 मध्ये विश्वचषक उंचावणारा ऑस्ट्रेलियाचा कर्णधार तो झाला. बुमराहची पाठ 2019 मध्ये पहिल्यांदा गेली, 2022 मध्ये पुन्हा, मार्च 2023 मध्ये न्यूझीलंडमध्ये शस्त्रक्रिया झाली. 2024 च्या टी-20 विश्वचषकात तोच सर्वोत्तम खेळाडू ठरला.

मुलाची पाठ गेली तर घरात सुतक पाळू नका. परतीची शिडी ठरलेली असते: आधी रोजचं चालणं-बसणं वेदनेशिवाय, मग ताकद, मग पळणं, मग चार पावलांवरून हलके चेंडू, मग अर्धा रनअप, मग पूर्ण. प्रत्येक पायरीवर दुसऱ्या दिवशी सकाळी दुखलं नाही तरच पुढची पायरी. शिडीचा वेग डॉक्टर आणि फिजिओ ठरवतील, सामन्याची तारीख नव्हे. त्या महिन्यांत मुलाला मैदानापासून तोडू नका. तो स्कोअर लिहील, दुसऱ्यांच्या ॲक्शन टिपेल, फलंदाजांच्या खोडी ओळखायला शिकेल.

पुस्तक हातातून सोडू नका

रजनीश गुरबाणीनं इंजिनिअरिंग पूर्ण केलं आणि 2017-18 च्या रणजी अंतिम सामन्यात दिल्लीविरुद्ध हॅटट्रिक घेऊन विदर्भाला पहिलं विजेतेपद मिळवून दिलं. अभ्यास आणि गोलंदाजी एका आयुष्यात बसतात. दहावी-बारावीच्या वर्षी चेंडू कमी करा, पण बंद करू नका. खेळाडूंसाठीच्या राखीव जागा, रेल्वे, बँका आणि सरकारी खात्यांची भरती यांची माहिती ठेवा, प्रमाणपत्रं जपून ठेवा. देशाकडून खेळणारे मोजकेच असतात. पण या वाटेवर शिस्त, नोंदी ठेवायची सवय आणि शरीराचं भान कमावलेला माणूस पंच, प्रशिक्षक, फिजिओ, विश्लेषक म्हणून किंवा खेळाबाहेरच्या कुठल्याही कामात उभा राहतो.

तो नववीतला मुलगा आता कॉलेजात आहे आणि पुन्हा पूर्ण रनअपनं टाकतो. त्याचा वेग वाढलाय. परवा नेट संपत आला तेव्हा समोरचा फलंदाज नेहमीसारखं म्हणाला, "अजून दोन टाक ना." त्यानं मान हलवली, चेंडू माझ्याकडे फेकला आणि बाकावर जाऊन वही उघडली. घामानं ओल्या हातानं त्यानं त्या दिवसाची ओळ लिहिली: "36 चेंडू. दुखणं शून्य. थांबलो."